खुनाची पुस्तकं टाइमपास आणि वेलनेसची तेवढी पौष्टिक का?

मेहरूणचा_वाचक
परवा आमच्या पुस्तक भिशीत एका सभासदानं नवीन पुस्तकांची यादी टाकली. पाच क्राइम, पाच वेलनेस. इथपर्यंत काही म्हणणं नाही. पण क्राइमच्या पाचांपुढं लिहिलं 'टाइमपास', वेलनेसच्या पाचांपुढं 'आयुष्य बदलणारं', आणि खाली सल्ला की एक खुनाचं वाचलं की त्यावर एक वेलनेसचं वाचा म्हणजे मन साफ राहतं. अहो, हे काय, शेवभाजी ओरपली की वरून सोडा?

आमच्याकडं दरमहा पाचशे, बारा जण, सहा हजार होतात. ज्याचा नंबर त्याची निवड. आजवर कुणी कुणाच्या निवडीत बोट घातलं नव्हतं. आता म्हणे निम्मे पैसे 'उपयोगी' पुस्तकांना सक्तीचे करू. मी फोन करून विचारलं, भाऊ, ही पाचही वाचलीत का? म्हणे दोन वाचली, एक चालू आहे, बाकीच्यांचे रिव्ह्यू चांगलेत.

पुस्तक सुचवायचं तर माणूस बघून सुचवावं. क्राइमवाला निदान विचारतो तरी, रक्त चालतं का, पोलिसी पाहिजे का घरगुती, शेवट कडू चालेल का. वेलनेसवाला काही विचारत नाही, त्याच्या लेखी समोरचा आजारीच असतो. आणि भिशीतून फिरून आलेल्या वेलनेसच्या पुस्तकांत खूण कुठं सापडते माहितीये? चाळीस-पन्नास पानांच्या आत. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, एकदा तर कुणाचं तरी लाइट बिल. क्राइमच्या पुस्तकात काही सापडत नाही कारण मधे थांबलेलंच नसतं कोणी.

रावेरचा_केळीवाला
बरोबर बोलले भाऊ. मागं एकानं मले पहाटे पाचला उठायचं पुस्तक दिलं, वाढदिवसाला. म्हटलं बाबा, आमच्या शेतीच्या फीडरला हप्त्याआड रात्रीची वीज असते, अडीचला मोटर चालू करायला केळीत जातो, पाचला घरी येऊन झोपतो. लेखकाला म्हणावं एकदा येऊन बघ. पाचला उठायचं सांगणाऱ्याला कोण उठवतं, हेच कळत नाही.

नंदुरबारी_मिरची
खान्देशी माणसाला क्राइम आणि वेलनेस एकाच ताटात पाहिजे असेल तर फौजदारी डाळ खा. विषय संपला.

देवपूरकर_ताई
विषय संपला नाही. चेष्टा करणं सोपं आहे. मला चाळिशीनंतर झोपच लागेना, रात्री तीनला टक्क जागी, छाती धडधडायची, घरचे म्हणायचे गॅस आहे. डॉक्टरनी सगळे रिपोर्ट नॉर्मल सांगितले. मैत्रिणीनं झोपेवरचं एक पुस्तक दिलं, त्यात एवढं साधं लिहिलेलं होतं की झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसरीकडं बसा, आणि सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. दोन महिने लागले पण फरक पडला. ते पुस्तक मी पूर्ण वाचलं, मेहरूणवाले दादा, त्यात लाइट बिल नव्हतं.

आणि तुमच्या क्राइमचं पण ऐका. नवीन आलेली कुठलीही उघडा, पहिल्या पानावर बाईचं प्रेत. ती कोण होती, काय करायची, ते कुणाला नको असतं, अख्खं पुस्तक त्या घटस्फोटित दारुड्या इन्स्पेक्टरच्या दुःखावर. आम्ही मेलो तरी गोष्ट पुरुषाचीच. यावर तुम्ही कधी नाक मुरडलेलं दिसलं नाही.

मेहरूणचा_वाचक
ताई, प्रेताचा मुद्दा मान्य. दारुड्या इन्स्पेक्टरचा पण मान्य, चार वाचल्यावर मलाच त्याची दारू सोडवाविशी वाटते. झोपेचं म्हणाल तर तुम्हाला मैत्रिणीनं *तुमची* झोप बघून पुस्तक दिलं. मी दुसरं काय म्हणतोय? तुम्ही माझीच बाजू मांडली, फक्त चिडून.

देवपूरकर_ताई
तुमची बाजू मांडायला मला वेळ नाही. मी माझी मांडली.

अमळनेरचा_मास्तर
वेलनेसच्या पुस्तकांवर माझा राग वेगळ्या कारणानं आहे. एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य मी डझनभर पुस्तकांत वाचलं असेल. मूळ कुठलं? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन, त्यानं १९६० साली लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस तरी लागतात. पुढच्यांनी 'किमान' गाळलं, चेहरा गाळला, एकवीस ठेवलं. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांवर अभ्यास झाला तर सरासरी ६६ दिवस आली, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. दहा हजार पावलांचंही तसंच, १९६५ च्या सुमारास जपानात एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. जाहिरात होती ती, लोक व्रतासारखं करतात. क्राइमवाला निदान कबूल करतो की हे मी रचलेलं आहे.

यादी_माझीच
ती यादी माझी. नाव न घेता चारचौघांत धुलाई चालू आहे म्हणून लिहितोय. मेहरूणवाल्यांनी फोनवरचं अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. मी हे पण म्हटलं होतं की माझा बीपी १६० वर १०० होता, वजन ९१, आणि एका वेलनेसच्या पुस्तकामुळं चालायला लागलो. रोज त्याच मेहरूण तलावावर, जिथं हे साहेब बाकड्यावर बसून खून वाचत असतात. आज ८२ किलो आहे. मास्तर, पावलांचा आकडा जाहिरातीतला असेल, पण पाय माझेच होते ना? आकडा खोटा म्हणून काय मी परत ९१ होऊ?

अमळनेरचा_मास्तर
८२ राहा. पण पुस्तकापेक्षा गोळ्यांनी आणि डॉक्टरनी जास्त काम केलं असेल, तेही एकदा लिहा.

यादी_माझीच
गोळ्या चालूच आहेत. तुम्हाला वर्गात उत्तर बरोबर आलं तरी कॉपी केली असेल म्हणायची सवय दिसते.

चोपड्याचा_केमिस्ट
भांडू नका. मी तीस वर्षं काउंटरवर आहे, दोन्ही प्रकारचे वाचक रोज बघतो. वेलनेस वाचून लोक येतात आणि स्वतःच ठरवून तीन-तीन सप्लिमेंट मागतात, थायरॉइडची गोळी चालू आहे का विचारलं तर राग येतो. क्राइम वाचून अजून तरी कुणी आर्सेनिक मागितलेलं नाही.

खुनाचं पुस्तक टाइमपास म्हणणाऱ्यांसाठी एक खरी घटना सांगतो. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषध विभागात कामाला होती, म्हणून तिच्या पुस्तकातली विषं आमच्या धंद्याच्या माणसाला पण पटतात. १९७७ साली कतारहून एका दीड वर्षाच्या मुलीला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात आणलं. मुलगी जवळजवळ बेशुद्ध, निदान काही होईना. वॉर्डातली एक नर्स ख्रिस्तीची १९६१ ची कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळायला लागले तशी ती म्हणाली, हे तर पुस्तकातल्यासारखंच आहे, थॅलियम असेल. तपासलं तर थॅलियमच निघालं. मुलगी वाचली. आता सांगा, वेलनेसचं पुस्तक कुठलं?

पारोळेकर
धन्यवाद केमिस्ट साहेब. १९६१ चीच वाचतोय सध्या. पान ९०. विषाचं नाव सांगितल्याबद्दल अत्यंत आभारी आहे.

चोपड्याचा_केमिस्ट
अहो साठ वर्षं उलटून गेली त्या पुस्तकाला! त्याची पण काही मुदत असेल की नाही? आमच्याकडं साध्या गोळीवर एक्स्पायरी असते.

पारोळेकर
पुस्तक साठ वर्षांचं असेल, मी तर आजच वाचतोय ना. उद्या महाभारत पहिल्यांदा वाचणाऱ्या पोराला पण सांगाल का कोण कोण मेलं?

अमळनेरचा_मास्तर
हो, सांगतोच, वर्गात. महाभारत कोण मेलं यासाठी वाचत नाहीत. आणि नुसत्या विषाच्या नावानं पुस्तक मोडत असेल तर ते पुस्तकच कच्चं. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवानं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात सगळे धागेदोरे वाचकापुढं उघडे ठेवा असं स्पष्ट आहे. ख्रिस्तीच्या १९२६ च्या कादंबरीत खुनी कोण हे अख्ख्या जगाला माहीत आहे, तरी लोक वाचतातच की.

नंदुरबारी_मिरची
मला माहीत नाही. आणि मास्तर, तुम्ही पुढचं वाक्य लिहिलं तर अमळनेरला येऊन दार वाजवीन.

भुसावळ_ब्रेकव्हॅन
स्पॉयलरवरून आठवलं. रिटायर्ड गार्ड आहे, वय ७१. मालगाडी बाजूच्या रुळावर, लूपला टाकली की दोन-दोन तास हलायची नाही, ब्रेकव्हॅनमध्ये टॉर्च बगलेत धरून वाचायचो. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर आहेत, त्यातल्या शे-दोनशे तरी मी लूप लाइनवर संपवल्या असतील. खाली उतरून बाकीच्यांना गोष्ट सांगायची पण शेवट नाही सांगायचा, हा नियम होता. एकानं मोडला तर त्याला आठ दिवस चहा कुणी पाजला नव्हता.

तर कॉलनीतल्या लायब्ररीतून एक कादंबरी आणली, लेखक कुणी दुसराच होता. पान बारावर मामाची एंट्री होते. तिथं समासात पेन्सिलनं लिहिलेलं, 'हाच खुनी'. खाली दोन रेघा. काय संताप झाला सांगू. तरी वाचत राहिलो कारण गाडी हलत नव्हती. प्रत्येक पानावर मामाकडं संशयानं बघितलं. मामा पान खातो, मामा खिडकी लावतो, मामा बहिणीला विहिरीवर नेतो. आणि शेवटी काय, मामाचा काडीचा संबंध नाही! ज्यानं लिहिलं त्यानं मुद्दाम खोटं लिहिलं होतं. लेखकानं चकवलं नाही तेवढं त्या पेन्सिलवाल्यानं चकवलं. आजवर वाचलेलं सगळ्यात भारी पुस्तक तेच.

देवपूरकर_ताई
काका, हे भारी आहे. पण लायब्ररीच्या पुस्तकात लिहिणं गुन्हाच आहे. आमच्याकडं एका लायब्ररीत पाककृतीच्या पुस्तकातली पानंच कापून नेतात. मांड्यांचं पान गेलं, आता अनुक्रमणिकेत मांडे आहेत आणि आत थेट सांडगे.

पारोळेकर
लिहिणारा गुन्हेगार कसा? त्यानं तर खुनी वाचवला! म्हणजे लपवला. केमिस्ट साहेबांनी शिकावं यांच्याकडून.

चोपड्याचा_केमिस्ट
झालं? एका मुलीचा जीव वाचल्याची गोष्ट सांगितली, त्यात तुम्हाला तुमचं पान ९० दिसलं. धन्य आहे.

यादी_माझीच
मूळ विषय निम्म्या पैशांचा होता. मेहरूणवाले, एवढ्या लोकांपुढं सांगा, तुम्हाला वेलनेसचा एवढा राग का? तुमचं नक्की काय बिघडवलं त्या पुस्तकांनी?

मेहरूणचा_वाचक
सांगतो. मागच्या वर्षी आई गेली. आयसीयूत अकरा दिवस होती. बाहेर लोखंडी खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगणार, पॉझिटिव्ह राहा. तिघांनी तीन दिवसांत एकच पुस्तक आणून दिलं. एकच! सकारात्मक विचारांनी आजार पळतो म्हणे. मी पहिलं प्रकरण वाचलं आणि वाटायला लागलं की आई बरी होत नाही ते मीच नीट विचार करत नाही म्हणून. तुमच्या लक्षात येतंय का मी काय म्हणतोय ते? चौथ्या दिवशी शेजारच्या पेशंटच्या मुलानं स्वतःची पोलिसी कादंबरी दिली, कव्हर फाटलेलं, वर चहाचा डाग. काही न बोलता. तेरावं होईपर्यंत मी तसली पाच वाचली. तिथं माणूस मेला की निदान कुणीतरी विचारतं का मेला, कसा मेला. मला तेवढंच पाहिजे होतं.

त्या तिघांतले एक तुम्ही होता, भाऊ.

यादी_माझीच
मला माहीत नव्हतं. म्हणजे दिलं होतं ते आठवतं, पण असं झालं असेल हे नव्हतं माहीत. तेव्हा काय बोलावं सुचेना म्हणून पुस्तक आणलं होतं.

रावेरचा_केळीवाला
आता दोघं गप बसा जरा. इतला तान कसाले लेतस भो.

यादी_माझीच
बरं. सक्तीचं मागं घेतो. 'टाइमपास' पण खोडतो. पण माझा नंबर मार्चमध्ये आहे, तेव्हा मी सहाच्या सहा हजारांचं वेलनेसच घेणार, कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

मेहरूणचा_वाचक
घ्या. मी चाळीस पानं वाचीन. खूण म्हणून लाइट बिल ठेवीन.

देवपूरकर_ताई
आणि कुणीतरी अशी एक क्राइम सुचवा ज्यात बाई जिवंत आहे.

रावेरचा_केळीवाला
ते जमलं तर मले पण एक सुचवा. मोटर चालू करून दोन-अडीच तास मचाणावर बसून असतो, हेडटॉर्च आहे. रक्त चालेल. भूत नको. साप तर बिलकुल नको, तो तिथं असतोच.

भुसावळ_ब्रेकव्हॅन
ते मामावालं माझ्याकडंच आहे. लायब्ररी रद्दीत निघाली तेव्हा दहा रुपयांना उचललं. ताई, त्यात खुनाचा छडा मोलकरीण लावते आणि शेवटपर्यंत जिवंत असते, तेव्हा रावेरनंतर तुमच्याकडं पाठवतो. केळीवाले भाऊ, उद्या रावेरच्या एसटीत कंडक्टरकडं देतो, स्टँडवरून घ्या.

पारोळेकर
काका, पण मामा निर्दोष आहे हे आत्ता तुम्हीच सगळ्यांना सांगून टाकलं की!

भुसावळ_ब्रेकव्हॅन
गोष्टीतल्या घरात अजून आठ जण आहेत. आणि पुढं पान ५७ वर पण पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय, ते मी सांगितलेलं नाही.