लिहिणाऱ्याने ‘इझी रन’ करावा का?

संथवाट
धावणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये नवख्याला आधी ऐकवतात ते हेच : हळू पळ. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू. यालाच ‘इझी रन’ म्हणतात. त्याला ते पटत नाही, कारण वेगात पळायलाच तर तो आलेला असतो.

या विचारामागचं मोठं नाव न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. त्यांचा शिष्य पीटर स्नेल 800 मीटरवाला, म्हणजे शर्यत पावणेदोन मिनिटांची. पण लिडियार्ड त्याला आठवड्याला शंभर-शंभर मैल पळवायचे, छाती फुटेस्तोवर नव्हे, दम राखून. वेगाचं काम शर्यत जवळ आल्यावर. स्नेलने 1960 मध्ये रोमला 800 मीटरचं सुवर्ण घेतलं आणि 1964 मध्ये टोकियोला 800 आणि 1500, दोन्ही.

आपण लिहिणारे नेमके उलटे. फाइल उघडली की ती दिवाळी अंकासाठीच. बसमधल्या दोघींचं भांडण जसंच्या तसं उतरवून बघणं, एकच प्रसंग तिघांच्या तोंडून लिहिणं, असलं न छापण्यासाठीचं लिखाण कोण करतं? माझं म्हणणं, दहातली आठ पानं कुणाला दाखवायचीच नाहीत असं ठरवून लिहावीत. (जिद्द, सातत्य वगैरे धडे मुद्दाम टाळतोय. ते शेअर बाजारालाही लागू पडतात.)

खोडरबर
असहमत. पळणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ असतं. दहा किलोमीटरला 70 मिनिटं लागायची, आता 62 लागतात, विषय संपला. शिवाय शरीर तुम्हाला न विचारता बदलतं. हळू पळा, तरी हृदय मजबूत होतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. लेखनात आपोआप काही होत नाही. एकाच सवयीने रोज हजार शब्द लिहिले तर ती सवयच पक्की होते. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ लिहिणारे काय कमी मैल पळालेत?

संथवाट
ते तर रोज शर्यतच पळतात! रात्री पान छपाईला सोडायचंय, सराव कधी करणार? उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

खोडरबर
सोयीचं उत्तर. पाऊल चुकीचं पडत असेल तर हळू पळूनही गुडघा दुखतो, आणि ते मागून पळणाऱ्याला दिसतं. आठ पानं कपाटात गेली तर तुमचं पाऊल बघणार कोण?

घाटातली
मला दोघांचंही ढोबळ वाटतंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. (मुंबईकर त्यांच्या मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढाबद्दल बोलायला लागले की आम्हाला हसू येतं.) सगळे तयारी करतात चढाची आणि मांड्या भरून येतात उतारावर, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो. चढाच्या सरावाने ती ताकद येत नाही, उतारच पळावा लागतो.

आमच्याकडच्या एका छोट्या कथास्पर्धेच्या कथा मी वाचते. पहिलं पान घासूनपुसून लख्ख. शेवटी अपघात, नाहीतर पत्र, नाहीतर स्वप्नातून जाग. सुरुवात प्रत्येक कथेला होते, शेवटापर्यंत मात्र मोजक्याच पोचतात, म्हणून सराव सुरुवातीचाच होत राहतो. आठ पानं लिहायचीच तर एकाच कथेचे आठ शेवट लिहा ना.

खोडरबर
हे पटलं. पण हा ‘इझी रन’ नाही, हे घाम काढणारं काम आहे.

दुपारची शाई
तुम्ही सगळे सुधारणेवरच अडलात. मुंबई मॅरेथॉनच्या सगळ्या गटांत मिळून पन्नास हजारांहून जास्त लोक पळतात. जिंकायला आलेले किती? बाकीचे पदक गळ्यात घालून फोटो काढतात, वडापाव खातात आणि घरी जातात. त्यांना कुणी विचारत नाही, ‘ऑलिंपिक कधी?’ लिहिणारीला मात्र दुसऱ्याच कवितेनंतर विचारतात, ‘पुस्तक कधी?’ धावण्यातून घ्यायचीच तर ही मुभा घ्या. पहाटे पाचला घराबाहेर पडणं माझ्या घरात जमणारं नाही, पण दुपारी दोनला ओट्यापाशी वही उघडता येते, आणि तिचं पुस्तक व्हायलाच हवं असं नाही.

खोडरबर
तिथेच तर फरक आहे. मी मॅरेथॉनला सहा तास घेतले तर ते माझे सहा तास. माझी रटाळ कादंबरी वाचण्यात गेलेले सहा तास वाचकाचे असतात. हौस म्हणून सगळं माफ होत नाही.

दुपारची शाई
छापणार कोण म्हणालंय? वही आहे ती. मागितल्याशिवाय कुणाला देत नाही.

संथवाट
मी तरी वेगळं काय म्हणत होतो! बाकी घाटातलींचे आठ शेवट आवडले. सोबत एक भर : मॅरेथॉनच्या आधी दोन-तीन आठवडे अंतर कमी करत नेतात, टेपर म्हणतात त्याला. तशी कथाही पाठवण्याआधी पंधरा दिवस बाजूला ठेवावी.

घाटातली
कृपा होईल. शेवटच्या रात्री आलेल्या फायलींत तिसऱ्या पानावरची सुनंदा सातव्या पानावर सुलभा झालेली असते.

खोडरबर
टेपरमध्ये थकलेले पाय भरून निघतात, बाजूला ठेवलेल्या कथेत अक्षरही हलत नाही. आणि सुनंदाची सुलभा शोधायला पंधरा दिवस कशाला, एकदा मोठ्याने वाचा.