एक्सबॉक्स वन एक्स आणि सिरीज एक्स एकच का? जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो एकच

लोकमान्यनगरवाला

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय. मुलीला दहावीत 85 च्या वर आणलेस तर गेमचं मशीन घेऊन देईन असं कबूल केलं होतं, तिने 91 आणले, आता शब्द पाळायचाच आहे. तिने वहीच्या कागदावर लिहून दिलंय, एक्सबॉक्स सिरीज एक्स. नवीन परवडत नाही म्हणून काल जेल रोडला गेलो, दोन-चार दुकानं फिरलो, एकाने सेकंड हँड दाखवलं, काळं, चपटं, जुन्या व्हीसीआरसारखं, आणि खोक्यावर मोठा एक्स. 22,000 म्हणाला. मी विचारलं सिरीज एक्सच ना हे, तर म्हणे हो भिया, एक्सच आहे, यांचं सगळ्यात वरचं मॉडेल. पण खोका फिरवून बघितला तर त्यावर वन एक्स लिहिलेलं. मुलगी क्लासला होती, फोन उचलला नाही, म्हणून 500 रुपये बयाणा देऊन परत आलो, आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

दुसरं म्हणजे गेमचे भाव बघितले तर एकाच गेमचे तीन भाव, स्टँडर्ड, डीलक्स आणि अल्टिमेट. यात खरा पूर्ण गेम कोणता ते कुणी सांगेल का?

सुदामानगर_स्पीडरन

काका घेऊ नका!! बिलकुल घेऊ नका. वन एक्स 2017 ची आहे आणि सिरीज एक्स 2020 ची, मध्ये पूर्ण एक पिढी बदलली. वन एक्स बनवणं एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने 2020 च्या जुलैमध्येच बंद केलं, म्हणजे ते मशीन कितीही चकाचक दिसत असलं तरी जुनंच आहे, आणि आता कितीतरी नवे गेम फक्त सिरीजवर येतात, ते यावर लागणारच नाहीत. उलट चालतं, वनचे बहुतेक सगळे गेम सिरीज एक्सवर चालतात.

तुम्ही चपटं म्हणालात तिथेच कळलं. सिरीज एक्स उभ्या चौकोनी खांबासारखी असते, फूटभर उंच, साडेचार किलोच्या आसपास वजन. दुकानात गेलात की मागची बाजू बघा, वन एक्सला टीव्हीला जोडतात त्या एचडीएमआय वायरीची दोन भोकं असतात, इन आणि आउट, सिरीज एक्सला एकच. स्टिकरवर मॉडेल नंबर छापलेला असतो, 1787 म्हणजे वन एक्स, 1882 म्हणजे सिरीज एक्स, आणि 1883 दिसलं तर ती सिरीज एस, पांढरी छोटी, तिला डिस्क घालायला जागाच नाही. फोनवर बोलताना तर अजून सांभाळा, एस आणि एक्स ऐकायला सारखंच वाटतं, माझ्या मित्राच्या घरी असंच एस आलं आणि वाढदिवसाला मिळालेल्या तीन डिस्क कपाटात पडून आहेत. कंट्रोलर पण बघा, नव्याच्या मध्यभागी शेअरचं छोटं बटण असतं आणि चार्जिंगला टाइप सी, जुन्याला मायक्रो यूएसबी. दुकानदार जुन्या मशीनसोबत नवा कंट्रोलर देऊ शकतो, तेव्हा नुसत्या कंट्रोलरवर जाऊ नका, स्टिकर बघा.

रामबागची_मेधा

दादा, तुमचा गोंधळ झाला यात तुमची काहीच चूक नाही, हे मला आधी सांगायचंय. नावंच अशी ठेवलीत की जो स्वतः खेळत नाही त्याला कळूच नये, आणि पैसे तर तोच देतो ना, आई-बाप, मामा, आजोबा.

बघा ना, पहिला एक्सबॉक्स 2001 चा. दुसऱ्याला 2 म्हणायचं तर समोर सोनीचा प्लेस्टेशन 3 येणार होता, 3 च्या शेजारी 2 मागासलेला दिसला असता, म्हणून 2005 मध्ये 360 नाव दिलं असं सांगतात. मग तिसरा आला 2013 मध्ये आणि त्याचं नाव वन! तिसऱ्याचं नाव एक. मग वन एस, वन एक्स, आणि चौथ्या पिढीला सिरीज एक्स, सिरीज एस. सिरीज एक्सची बुकिंग सुरू झाली त्या दिवशी अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या विक्रीच्या यादीत जुनी वन एक्स एकदम वर चढली होती, म्हणजे इंग्रजी बोलणारे लोक पण फसले, आपण जेल रोडवर उभं राहून काय ओळखणार. सोनीचं बघा, 1994 पासून प्लेस्टेशन, मग 2, 3, 4, 5. माझ्या आईलासुद्धा कळतं की पाच चारच्या नंतर येतो.

निन्टेन्डो ही तिसरी कंपनी, तिने तर स्वतःचंच नुकसान करून घेतलं. त्यांचं वी नावाचं मशीन 10 कोटींच्या वर विकलं गेलं, त्याच्यानंतर 2012 मध्ये वी यू आणला, तर लोकांना वाटलं हे जुन्याच वीला जोडायचं काहीतरी आहे, आणि तो दीड कोटीसुद्धा विकला गेला नाही. नाव हे एकच कारण नव्हतं पण मोठं होतं असं मला तरी वाटतं. आणि माझा स्वतःचा अनुभव सांगते. 2016 मध्ये आत्तेभाऊ अमेरिकेहून येणार होता, मी सांगितलं थ्रीडीएस आण, निन्टेन्डोचंच हातात धरून खेळायचं मशीन. त्याने दुकानातून फोन केला, न्यू आणू का? मी म्हटलं अरे नवीनच आण, वापरलेला कशाला. तो म्हणतो तसं नाही ताई, न्यू हे नावच आहे, न्यू थ्रीडीएस म्हणून वेगळं मशीन आहे आणि साधा थ्रीडीएस पण सीलबंद नवीन मिळतो. दहा मिनिटं आम्ही नवीन न्यू आणि नवीन जुना असं बोलत राहिलो, आयएसडीचं बिल वर. शेवटी साधा आणला, आणि मला जो गेम खेळायचा होता तो फक्त न्यूवर चालणारा निघाला. फार वाईट वाटलं होतं, कारण त्याला परत सांगताही येईना, बिचारा एवढं वजन सांभाळून घेऊन आलेला.

आता 2025 मध्ये निन्टेन्डोने त्यांच्या स्विच नावाच्या मशीननंतरच्या मशीनला सरळ स्विच 2 नाव दिलं. मला खरंच बरं वाटलं.

जुना_कॅसेटवाला

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आम्ही लहान असताना राजवाड्याजवळ व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटी मिळायच्या, वर लिहिलेलं 9999 इन 1. मी आणि दादाने दिवाळीचे पैसे साठवून घेतली. पहिले तीसेक गेम वेगळे, पुढे तेच परत, फक्त नाव बदललेलं किंवा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारं. रात्री जेवण सोडून आम्ही पानं पुढे ढकलत बसलो होतो, पाचशेच्या पुढे काहीतरी नवीन असेल, हजाराच्या पुढे असेल. तेव्हापासून आकडा आणि नाव बघून मी काही घेत नाही.

डीलक्स आणि अल्टिमेट ही त्याच जातीची गोष्ट आहे. 2006 मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, 200 पॉइंट, म्हणजे एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानातले पैसेच. 80 पॉइंट म्हणजे 1 डॉलर, तर ते अडीच डॉलरचं झालं. लोक खूप चिडले होते, पण विकलं गेलं. पॉइंट ठरलेल्या पाकिटांत घ्यायचे, वस्तू वेगळ्याच आकड्याची, म्हणजे थोडे पॉइंट नेहमी उरणार आणि ते उरले म्हणून माणूस अजून घेणार. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ते पॉइंट बंद केले, पण फोनवरच्या गेमांत तीच पद्धत आज रोज चालू आहे. 2012 मध्ये एका फायटिंग गेममध्ये 12 फायटर डिस्कवर आधीच भरलेले होते पण कुलूप लावून, वेगळे पैसे दिले की उघडणार. म्हणजे वस्तू तुमच्या घरात, तुमच्या टीव्हीखाली, आणि किल्ली त्यांच्याकडे. मला याचा आजही राग येतो.

चांगलं पण झालंय, नाही असं नाही. 1994 मध्ये सेगा कंपनीने सॉनिक अँड नकल्स नावाचा गेम काढला, त्या कॅसेटीच्या डोक्यावर खाच होती, तिच्यात तुमची जुनी सॉनिक 3 ची कॅसेट बसवली की दोन्ही मिळून एक मोठा गेम व्हायचा. हातात धरून दिसायचं की काय मिळालं.

तुम्ही स्टँडर्ड घ्या. खरा गेम त्यातच असतो. डीलक्समध्ये बहुतेक वेळा कपडे, रंग, आणि दोन-तीन दिवस आधी खेळायला मिळणं एवढंच. अल्टिमेटमध्ये पुढे येणारे भागही असतात, पण ते अजून बनलेलेच नसतात, आणि वर्ष-दीड वर्षाने तेच सगळं एकत्र करून स्वस्तात येण्याची शक्यता असते. मुलीला विचारा, थांबायची तयारी आहे का.

सुदामानगर_स्पीडरन

कॅसेटवाले काका बरोबर बोलले. अजून एक, सेकंड हँड गेम घेताना खोक्यात डिस्क आहे ना ते उघडून बघा. मी एकदा घेतला, आत नुसता कोडचा कागद, आणि तो कोड आधीच्याने वापरलेला. दुकानदाराने हात वर केले. स्विच 2 च्या काही गेमांत तर कार्ड असतं पण कार्डावर गेम नसतो, ते घालून पूर्ण गेम डाउनलोड करायचा, खोक्यावर खाली लिहिलेलं असतं, पण कुणाचं लक्ष जातं.

आणि विकतचे गेम ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळायचे असतील तर महिन्याचं सबस्क्रिप्शन लागेल, त्याचं नाव आधी गोल्ड होतं, मग कोअर झालं, आता इसेन्शियल. जुन्या व्हिडिओत गोल्ड घ्या असं सांगितलं तर शोधत बसू नका.

रामबागची_मेधा

दादा, मशीन आल्यावर मुलीचं खातं फॅमिलीत जोडा, त्यात काही विकत घ्यायला गेली की तुमच्याकडे आधी विचारणा येते अशी सोय आहे. कार्डाचा नंबर मशीनमध्ये सेव्ह करून ठेवू नका.

लोकमान्यनगरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता दुकानातून आलो. स्टिकर बघितला, 1787. एचडीएमआयची भोकं दोन. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला मला खरंच माहीत नव्हतं, मी तर एक्स बघूनच घेतलं होतं, आणि त्याचा चेहरा बघून मला ते खरं वाटलं, 500 पण परत दिले. शेजारच्या गल्लीत एकाकडे 1882 आहे म्हणे, उद्या मुलीलाच सोबत नेतो, कागद तिच्याच हातात राहू दे. मेधाताई, तुमचं थ्रीडीएसचं बायकोला वाचून दाखवलं. कॅसेटवाले दादा, ती पिवळी कॅसेट आमच्याकडे पण होती, माळ्यावर असेल अजून, रविवारी काढतो.