कॅपिटलचं "साहेबी सोंग" आणि तिसरीतली पोरं

गुरुजी_पारोळा
कालची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. पोरानं तिसरीच्या पेपरात जळगावचा जे स्मॉल काढला, बाईंनी अर्धा मार्क कापला आणि बाप भडकून लिहितो की आपल्या लिपीत कॅपिटल नाहीच मग आपल्या पोरांना हे साहेबी सोंग कशाला, तसंही मोबाईल आपोआप करून देतो. बापाचं मी समजू शकतो, अर्धा मार्क गेला की आजकाल घरात सुतक असतं. पण खाली एका शिक्षकानंच लिहिलं, "खरंय, आम्ही तिकडे बघतच नाही." तिथं माझं टाळकं सटकलं.

का बघत नाही भाऊ? एकदा वह्या काढून बघा पोरं कुठं चुकतात. भिंतीवरच्या तक्त्यावर ॲपलचा ए कॅपिटल, बॉलचा बी कॅपिटल, कॅटचा सी कॅपिटल. पोरगं बालवाडीपासून तेच बघतं, मग वाक्यात मँगो आला की एम कॅपिटल आणि काऊ आली की सी कॅपिटल, ते तरी काय करेल. दुसरं म्हणजे ज्यांची स्मॉल बी आणि स्मॉल डीची गफलत होते ती पोरं रॅबिटच्या पोटात कॅपिटल बी ठोकून देतात, कारण कॅपिटलमधे ती गफलत होत नाही. म्हणजे पोरगं वाट काढतंय आणि आपण लाल पेनानं "निष्काळजी" लिहितो.

आणि विशेषनाम म्हणजे काय हे मराठीतच धड शिकवलेलं नसतं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. आकाशला बोलाव. आकाशाकडे बघ. मागच्या बाकावरचं पोरगं पण सांगतं, पहिला आकाश वर्गातला, दुसरं वरचं. तसंच सागरला हाक मार, सागराला भरती आली. प्रकाशला, प्रकाशाला. माणसाच्या नावाला आपण तो मधला 'आ' लावत नाही, वस्तूला लावतो, आणि हे पोरांना कुणी शिकवलेलं नसतं, तोंडातच असतं. मग फक्त सांगायचं, आकाश पोरगा असेल तर ए कॅपिटल, वरचं असेल तर स्काय आणि एस स्मॉल. त्यामुळे आपल्या पोरांना हे परकं आहे वगैरे मला सांगू नका.

केळीवाला_रावेर
गुरुजी व्याकरण झकास, पण तुमचा नियम तुमच्याच गावाला लागत नाही 😄 पारोळ्याला जातो म्हणतो ना आपण, पारोळाला कोण म्हणतं? धुळ्याला, चोपड्याला. मग पारोळा काय वस्तू झाली का? आणि विठ्ठलाला, रामाला? देव पण स्मॉल?

दुसरं, इंग्रजीलाच धड नियम नाही. मंडे कॅपिटल, समर स्मॉल. मार्च कॅपिटल, विंटर स्मॉल. जर्मन लोक सगळीच नामं कॅपिटल करतात, टेबलसुद्धा. फ्रेंच लोक वार आणि महिने स्मॉल लिहितात आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणजे हा निव्वळ रिवाज आहे, आणि रिवाजासाठी मार्क कापणं म्हणजे लग्नात डोक्यावर टोपी नाही म्हणून पंगतीतून उठवणं. आधी पोराला एक ओळ न अडखळता वाचू द्या, मग करा अक्षरं लहानमोठी.

गुरुजी_पारोळा
मी "माणसाच्या नावाला" लिहिलंय, गावाच्या नाही. नीट वाचा. आणि विठ्ठलाला हात जोडतो, पण शेजारच्या विठ्ठलला फोन लावतो, बघा बोलून. मार्क कापू नका हे मी पण म्हणतो. पण शिकवूच नका? पोस्टचा सूर तो आहे.

भुसावळची_आई
तुम्ही दोघं पहिल्या अक्षरावर भांडताय, आमच्याकडे अख्ख्या स्पेलिंगचे वांधे आहेत. आमच्या गावाचं नाव कुठं व्ही नं लिहितात, कुठं डब्ल्यू नं. मुलीनं स्टेशनच्या पाटीवर बघून व्ही लिहिला तर शाळेत चूक दिली. मिस्टरांचं आडनाव दहावीच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर एक, एका ए चा फरक, त्यासाठी ॲफिडेव्हिट काय, गॅझेट काय, एका ऑफिसात तर साहेब म्हणाले हे दोन वेगळे इसम आहेत. माझ्या नवऱ्याला माझ्यासमोर!! नाव म्हणजे काय ते पोरांना असं शिकवा की आयुष्यभर एकच स्पेलिंग ठेवा बाबांनो. फॉर्म तर सगळे कॅपिटलमधेच भरायचे असतात, तिथं कसलं पहिलं अक्षर न कसलं दुसरं.

पुणे_व्हाया_चाळीसगाव
मोबाईल करून देतो म्हणणाऱ्यांसाठी. मोबाईल वाक्याचं पहिलं अक्षर करतो, फार तर ओळखीची नावं करतो. एक उदाहरण घ्या. १९०६ साली खानदेश जिल्हा फोडून पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश केले. आता इंग्रजीत वेस्ट खानदेश लिहायचं तर डब्ल्यू कॅपिटल, कारण ते जिल्ह्याचं नाव होतं. पण साक्री धुळ्याच्या पश्चिमेला आहे म्हटलं की डब्ल्यू स्मॉल, कारण नुसती दिशा. हे डोकं लावून ठरवायचं असतं, कीबोर्डला काय कळणार. तसंच आपल्या नॉर्थ महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावातला नॉर्थ कॅपिटल. २०१८ ला त्याला आपल्या अहिराणी कवयित्री बहिणाबाईंचं नाव दिलं ते फार चांगलं झालं बाकी.

लेवा_यावल
थांबा थांबा. "अहिराणी कवयित्री"? पुण्याला गेलं की एवढं विसरायला होतं का? बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. अहिराणी नाही. दरवर्षी हेच, पेपरवाले लिहितात, भाषणवाले बोलतात, आणि आम्ही दुरुस्त करत बसायचं.

साक्रीकर
ताई, खानदेशात जे बोललं जातं ते सगळं अहिराणीच्याच घरातलं. माले-तुले तुमच्यात पण आणि आमच्यात पण. मग वेगळी चूल कशाला मांडता?

लेवा_यावल
माले-तुले वऱ्हाडापर्यंत सापडेल जरा इकडेतिकडे, म्हणून काय नागपूर पण अहिराणी? खूण ती नाही. तुम्ही 'मना गाव, मनी बोली' म्हणता, 'रामना, गावना' म्हणता. आमच्यात 'चा-ची-चं'. बहिणाबाईंच्या गाण्यांत 'ना-नी-नं' कुठं आहे ते दाखवा, मी धागा सोडून जाते.

साक्रीकर
आता व्याकरण काढून आम्हाला परकं करा. अहिराणी बोललं की शाळेत हसायचे आम्हाला, तेव्हा कुठं होती तुमची गणबोली? तेव्हा तर तुम्ही लोक आधीच शुद्ध बोलायला लागलेले.

लेवा_यावल
"तुम्ही लोक" म्हणजे कोण? लिहा ना स्पष्ट. आमच्या आजीला पण जळगावच्या कॉलेजातल्या पोरी हसायच्या. हसणाऱ्यांनी तुमची-आमची बोली बघून नव्हतं हसलेलं.

पुणे_व्हाया_चाळीसगाव
अरे मी फक्त नॉर्थचा एन सांगत होतो 🙏

गुरुजी_पारोळा
अहिराणीचा ए कॅपिटल, लेवाचा एल कॅपिटल, कारण बोलींची नावं आहेत. डायलेक्टचा डी स्मॉल. आता दोघंही खाली बसा.

साक्रीकर
गुरुजी आम्ही तुमच्या वर्गात नाही. आणि तुमच्या वर्गातल्या किती पोरांशी तुम्ही अहिराणीत बोलता ते पण सांगा एकदा.

बाई_धडगाव
तुम्हा सगळ्यांचं चालू द्या, पण माझ्या वर्गात ना अहिराणी ना लेवा. निम्मी पोरं घरी पावरी बोलतात, बाकीची भिली. गुरुजी, तुमची आकाशला-आकाशाकडे वाली युक्ती पारोळ्यात चालत असेल, इथं नाही चालत, कारण मराठीच त्यांच्या तोंडातली नाही. त्यांच्यासाठी मराठी शाळेत आल्यावर सुरू होते आणि इंग्रजीही पहिलीपासूनच, २००० सालापासून तसंच आहे, म्हणजे एकदम दोन परक्या भाषा अंगावर. आणि त्यात तुम्ही म्हणता तोंडातच असतं.

मी काय करते ते सांगते, पटलं तर बघा. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून प्रत्येकाला चार द्यायचे. एकावर स्वतःचं नाव, एकावर पाड्याचं, एकावर नदीचं किंवा डोंगराचं आणि एकावर घरच्या बैलाचं किंवा कुत्र्याचं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉय किंवा गर्ल, व्हिलेज, रिव्हर, बुल. पुढच्या बाजूला पहिलं अक्षर मोठं, मागे सगळी छोटी. मग कार्ड हवेत धरून विचारायचं, असे अजून किती? बैल गावात भरपूर, पण 'राजा' आमचाच. एका पोरानं भांडण काढलं की त्याच्या मामाकडे पण राजा नावाचाच बैल आहे, मग तो स्मॉल का? त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती तुमच्या इथल्यापेक्षा बरी होती. शेवटी पोरांनीच ठरवलं की दोघंही हाक मारल्यावर मान वळवतात ना, मग दोघंही कॅपिटल.

चाररेघी वहीत कॅपिटल वरच्या तीन रेघांत बसवायला मात्र अजून रडवतात, ते वेगळं.

केळीवाला_रावेर
बाईंचं पटलं. गुरुजींचं नाही, पण बाईंचं पटलं. घ्या, एवढं देतो. तसं आमच्या केळीचं पण प्रमोशन झालंय म्हणे, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कागदावर जळगाव बनाना, बी कॅपिटल. भरीताच्या वांग्याला पण त्याच वर्षी. व्यापारी बांधावर आला की मात्र सगळं स्मॉल, भाव तर अजूनच स्मॉल.

भुसावळची_आई
जीआयच्या कागदावर तरी स्पेलिंग एकच आहे ना? नशीबवान आहात.

गुरुजी_पारोळा
बाई, पत्रिकांचं उचलतो, सोमवारी करून बघतो. माझी युक्ती धडगावात चालणार नाही हे ठीक, पण पारोळ्यात ती चालते म्हणून मी सोडणार नाही. आणि साक्रीकर भाऊ, बोलतो मी वर्गात अहिराणी, रोज बोलतो, इन्स्पेक्शनला साहेब आले तरी बोलतो.

लेवा_यावल
साक्रीकर भाऊ गायब? 'ना-नी-नं' सापडलं का?

साक्रीकर
कापूस वेचायला मजूर आलेत ताई. संध्याकाळी बसतो तुमच्याकडे बघायला.