रोश खोदेशला ‘याले व्यावो’ म्हणायचं राहिलं तर?

प्रश्न: सिद्दुरमध्ये (ज्यू प्रार्थनापुस्तकात) अमिदाच्या, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या, मध्येच ‘याले व्यावो’चा (नव्या महिन्याला आणि सणांना जोडायचा) परिच्छेद बारीक टायपात छापलेला असतो. नव्या महिन्याच्या दिवशी (रोश खोदेशला) तो नजरेतून निसटला तर अख्खी अमिदा पुन्हा म्हणायची का? शिवाय त्या दिवशी पानं इतकी मागेपुढे का करावी लागतात?

प्रतिसाद १: कुठे आठवलं, त्यावर आहे. परिच्छेद अमिदाच्या १७व्या ब्राखात (आशीर्वचनात), म्हणजे ‘रेत्से’त येतो. रेत्सेची ब्राखा संपली, पण ‘मोदिम’ (पुढची ब्राखा) सुरू केलं नाही, तर आहात तिथेच म्हणा आणि पुढे चला. मोदिम सुरू झाल्यावर आठवलं तर रेत्सेकडे परत. शेवटच्या विनवण्या संपवून पावलं मागे टाकली असतील तर मात्र पहिल्यापासून, १९च्या १९ ब्राखा.

प्रतिसाद २: हे सकाळच्या शाखरित आणि दुपारच्या मिन्खापुरतं. रात्रीच्या मारिवला राहिलं तर पुन्हा म्हणत नाहीत. पूर्वी बेत दिन (धर्मन्यायालय) नवा महिना दिवसाच घोषित करायचं, रात्री नाही, म्हणून ही सूट. बऱ्याच सिद्दुरांत ही तळटीप असते, पण वाचतो कोण!

प्रतिसाद ३: पानांचं म्हणाल तर क्रम असा: अमिदा, मग अर्धा हल्लेल (स्तुतीची स्तोत्रं, काही भाग गाळून), तोरावाचन (बायबलमधलं गणना २८:१-१५, चार जणांना बोलावतात), मग तेफिलिन (हाताला आणि डोक्याला बांधायच्या चामडी पेट्या) उतरवून मुसाफ, म्हणजे त्या दिवसाची जादा प्रार्थना. ताखनुन (क्षमायाचनेची प्रार्थना) गाळायचं. हल्लेल आणि मुसाफ बहुतेक सिद्दुरांत रोजच्या शाखरितपासून लांब छापलेले असतात, म्हणून तिथे आधीच फिती घालून ठेवा. अमिदात पाय जुळवून उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही; तेव्हा शेजाऱ्याला पान विचारायची सोय नाही. आणि दहा जणांचा मिन्यान (प्रार्थनेचा गट) नसेल तर कद्दिश, बर्खु, केदुशा हे गटानेच म्हणायचे भाग सोडून पुढे जायचं. पुस्तकात छापलंय म्हणून एकट्याने म्हणायचं नसतं.

प्रतिसाद ४: याहून जास्त घोळ ‘माशिव हारुआख’चा, म्हणजे दुसऱ्या ब्राखातल्या वारा-पावसाच्या ओळीचा होतो. शेमिनी आत्सेरेतपासून (शरद ऋतूतला सण) पेसाखपर्यंतच (वसंतातला सण) ते म्हणायचं. पेसाखनंतर चुकून म्हटलं तर दुसऱ्या ब्राखाच्या सुरुवातीला परत. ती ब्राखा संपली असेल तर अमिदाच पहिल्यापासून. म्हटलं की नाही याची शंका असेल, तर पहिले ३० दिवस जुन्या सवयीनेच म्हटलं असं धरतात. त्यावर शुल्खान आरुखमध्ये (ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात) तोडगा आहे: पेसाखच्या पहिल्या दिवशी त्या ब्राखाची सुरुवात नव्या रूपात, ‘माशिव हारुआख’ न घालता, ९० वेळा म्हणायची, म्हणजे ३० दिवसांच्या तीन-तीन प्रार्थना एकदम झाल्या. जीभ वळते आणि नंतर शंका आली तरी परत फिरावं लागत नाही.