मदत हवी आहे: दगडखाणीचं पर्यावरण व्यवस्थापन व्हीआरवर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवर) कसं शिकवावं?

मंडळी, नवी मुंबईत पर्यावरणशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात खाणकाम आहे, पण मुलांना खाणीवर न्यायचं म्हटलं की परवानग्या, विमा, पालकांची संमतीपत्रं. पारसिकच्या डोंगराचे कापलेले कडे येताजाता दिसतात, तेवढंच दर्शन.

विभागात दोन व्हीआर हेडसेट आलेत. खाणीचा तयार ३६० अंशातला व्हिडिओ दाखवला. ‘भारी आहे मॅडम’ झालं. मग विचारलं, धुळीसाठी पाणी कुठे मारायचं? उत्तर आलं, सगळीकडे!

मला नुसती सहल नकोय. मुलांनी ठरवावं आणि परिणाम तिथेच दिसावा. डंपरच्या रस्त्यावर पाणी कमी पडलं तर मागे धुरळा, जास्त झालं तर चिखल, आणि तो गाळ कुंडीत न अडवता थेट नाल्यात. हे ३६० फोटोंवर जमेल की युनिटीत (थ्रीडी दृश्यं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) खाण उभी करावी लागेल? पीएम १० चा, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा, आकडा समोर दाखवायचाय, १०० च्या वर गेला की लाल. शिवाय काही जणींना चक्कर आली, त्याचं काय?

---

ताई, मी ठाण्याचा, क्रशरवर बरीच वर्षं काढली आहेत. तो लाल दिवा काढा. घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. डंपर गेला त्या क्षणाचा आकडा तिच्याशी लावलात तर मुलं चुकीचंच शिकतील. दिवसभराचा आलेख चढताना दाखवा.

सुरुंगाचंही तेच. मोठा आवाज म्हणजे जास्त नुकसान असं सगळ्यांना वाटतं. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) १९९७ च्या परिपत्रकात खाणीबाहेरच्या घरांसाठी हादऱ्याच्या वेगाची मर्यादा वारंवारितेवर, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यावर, आहे: ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ मध्ये १०, त्यापुढे १५. म्हणजे ७ मिमीचा हादरा १२ हर्ट्झला चालतो, ६ ला नाही. हेडसेटमध्ये हादरा जाणवत नाही, तेव्हा गावातल्या घराच्या भिंतीशी उभं करून कंपनमापकाचा कागद वाचायला लावा.

आणि आपला दगड बेसाल्ट. कोळशाच्या खाणीतलं आम्लयुक्त पाणी पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजामुळे होतं, ते या मॉडेलमध्ये घुसवू नका.

---

मॅडम, आधी ३६० फोटोंवरच करा. पाणी कमी, बेताचं, जास्त असे त्याच जागेचे तीन फोटो आणि निवडीचं बटण, एवढ्यावर बरंच निभावतं. युनिटी नंतर. चक्कर बहुतेक जॉयस्टिकने चालण्यामुळे येते. टेलिपोर्ट (न चालता एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी) ठेवा, चालत्या डंपरमध्ये तर बसवूच नका. हेडसेट दोनच, तर एकीने घालायचा, पडद्यावर बाकीच्यांनी बघून वाद घालायचा. खरं शिकणं त्या वादातच होतं, असं माझं मत.

ड्रोनने मॉडेल करायचं डोक्यात असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा बघा, विमानतळ शेजारी आहे.

---

दोघांचेही आभार. कंपनाचा भाग आधी घेते, कोळसा वेगळा. कुणाकडे भर पावसातले खाणीचे फोटो, खास करून गाळाच्या कुंडीचे, असतील तर व्यनि करा.