चर्चा: बिनतेलाचं जेवण म्हणजे आरोग्य का?

मृण्मयी_दादर:
आमच्या सोसायटीत सध्या बिनतेलाच्या स्वयंपाकाची टूम निघालीय. फोडणी पाण्यात, दूध साय काढलेलं, ओलं खोबरं बंद. पाण्यात मोहरी तडतडत नाही, नुसती फुगते आणि कडवट लागते, तरी हार्टसाठी म्हणून सगळे तेच गिळतायत. मला हे अजिबात पटत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतात. लाल माठ नुसता उकडून खाल्ला तर त्यातलं बरंच काही वाया जातं. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही स्निग्धांशातली आम्लं शरीराला बनवताच येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. शिवाय तेल सोडलं की भूक भागत नाही, मग चारच्या चहाला बिस्किटांचा पुडा संपतो. मैदा-साखर जास्त झाली की यकृत त्याचीच चरबी करतं आणि रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं दिसतं.

मिलिंद_परळ:
असहमत. मुंबईत तेल कमी पडून आजारी पडलेलं माणूस शोधून सापडणार नाही. सकाळी वडापाव, दुपारी डब्यातली तेलकट भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर समोसा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला 20 ते 50 ग्रॅम तेल-तूप सांगते. त्यातलं 30 धरा. चौघांच्या घराला महिन्याला 3,600 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार लिटर. आता वाण्याचं बिल काढून बघा. आमच्याकडे सात लिटर येत होतं, बाहेरचं खाणं वेगळंच. बाबांची बायपास झाल्यावर हा हिशेब पहिल्यांदा केला. दाणे, दूध, खोबरं यांतून स्निग्धांश मिळतोच, तो कुणी मोजत नाही.

मालवणी_लालबाग:
तेल नको, तूप नको, खोबरं नको, मग खायचं काय? आमचे आजे-पणजे खोबरेल खाऊन नव्वदी गाठत होते. रिफाइंड तेलं आली आणि हार्टचे रोग आले. तूप सोडू नका.

शिल्पा_आहारतज्ज्ञ:
लालबागकर, आजोबा दिवसभर शेतात राबायचे, आपण ट्रेनमध्ये उभं राहण्याला व्यायाम समजतो. खोबरेलात संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धांश, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, 90 टक्क्यांच्या आसपास, तुपात साठच्या वर, गोडेतेलात साधारण पाचवा हिस्सा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपृक्त स्निग्धांशातून एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये. 2,000 कॅलरी खाणाऱ्याला ते 22 ग्रॅम पडतात आणि मोठा चमचाभर तूप त्यातले आठ-नऊ खाऊन टाकतं. वरणभातावर छोटा चमचा घ्या, माझी हरकत नाही. पण तूप औषध म्हणून ओतू नका, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं.
तुमच्याच ताटातली उत्तम गोष्ट म्हणजे बांगडा आणि तारली. सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्त आणि हृदयाला चांगला असलेला ओमेगा-3 हा स्निग्धांश भरपूर. फक्त रवा लावून तेलात बुडवू नका, तिरफळं घालून तिखलं करा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, पण जवस कुटूनच. अख्खे दाणे बरेचसे न पचताच बाहेर पडतात.

मृण्मयी_दादर:
शिल्पाताई, हेच म्हणायचं होतं! मिलिंददादा, तुमचा चार लिटरचा हिशेब मान्य, पण तो प्रमाणाचा आहे. मी शून्यावर येणाऱ्यांविरुद्ध बोलतेय.

गाडीवाला_पुतण्या_कुर्ला:
तेलाच्या वयाबद्दल कुणीच बोलत नाही. काकांची वड्यांची गाडी आहे. सकाळी ओतलेलं तेल रात्रीपर्यंत काळपट, घट्ट होतं, घाणा टाकला की फेस वर येतो. उरलेल्यात दुसऱ्या दिवशी नवीन मिसळलं जातं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम जुलै 2018पासून आहे: तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. वनस्पती तुपातल्या, हृदयाला घातक अशा ट्रान्स फॅटवरही 2022पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. मी भांडून काकांचं तेल रोज बदलायला लावलं. घरीसुद्धा तळणीचं तेल आठवडाभर फोडणीला वापरतात, त्याचं काय?

मिलिंद_परळ:
कुर्लाभाऊ, एकदम बरोबर, आमच्याकडेही तेच चालायचं. पण मृण्मयीताई, शून्यावर येणारी तुमच्या सोसायटीत चार घरं असतील. सात-आठ लिटर संपवणारी चाळीस निघतील. त्यांना ‘तेल चांगलं असतं’ एवढंच ऐकू येतं. म्हणून मी आधी कमी करा म्हणणार, कुठलं तेल ते नंतर.

शिल्पा_आहारतज्ज्ञ:
मिलिंद, नंतर नको, दोन्ही एकदमच. तेल कमी करून त्या जागी भात आणि पाव वाढला तर काहीच साधत नाही. कमी केलेल्या तेलाची जागा उसळीने भरा, मग बाबांचा पुढचा रिपोर्ट बघू.