एसपीएफचा आकडा आणि थराची जाडी
ताई, सनस्क्रीनवरचा एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा) ५० म्हणजे ३०च्या जवळपास दुप्पट संरक्षण, असं तुम्ही वर लिहिलंय. तसं नसतं. ३०चं सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५०चं सुमारे ९८. खरी गोम थरात आहे. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. झिंक ऑक्साइड हा घटक असलेलं सनस्क्रीन पांढरट दिसतं म्हणून तर अगदीच पातळ फासतात. (झिंक ऑक्साइड आरशासारखं किरण परतवतं हाही अर्धवट समज; अतिनील किरण ते मुख्यतः शोषूनच घेतं.) आमच्या तासगावकडे द्राक्षबागेत थिनिंगला (विरळणीला) जाणाऱ्या बायका साडीवरून जुना फुल शर्ट चढवतात, तो मला फार मोलाचा वाटतो. घामाने तो उतरत नाही. क्रीम मात्र दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.